परसातले सुतारमेट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



कार्यवाहबाईंचा निरोप आला, की यंदा वर्धापनदिनाला मी बोलावे. मी त्यांना म्हटले, "अहो, मला व्याख्यान कुठले यायला? फार तर एखादे दार कसे बसवावे ते सांगेन." त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा." तेव्हा आज जे काही ऐकावे लागेल त्याचा निम्मा दोष त्यांच्याकडे, एवढे आधीच सांगून टाकते.

दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही आमच्याकडे येता. तिळगूळ घेऊन झाला, की निम्म्या जणी परसात जातात आणि ते मोठे दार एकदा इकडे, एकदा तिकडे सरकवून पाहतात. "एवढे जड दार, आणि एका बोटाने कसे हो सरकते?" हा एक प्रश्न, आणि "पत्र्याची खोली असून आत गारवा कसा?" हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे नीट द्यायची, तर मला थोडी माहेरची आणि थोडी सासरची हकीकत सांगावी लागेल.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू, पंढरपूर तालुक्यातील एका खेड्यात सुतारकी करीत. नांगर, कुळव, तिफण, गाडीची चाके, घरांची दारे-खिडक्या, आणि गावात कोणी गेले तर तिरडीचे बांबूही तेच नीट करून देत. आमच्या सुतारमेटाला दार असे नव्हतेच. चार खांब, वर छप्पर, आणि भोवती गावातली रिकामी माणसे. मी लहानपणी तिथे रंध्याची सालपटे गोळा करून आईला चुलीसाठी नेत असे. पुढे आण्णांनी मला करवत कशी धरायची, पटाशीला धार कशी लावायची, गुण्या लावून काटकोन कसा पाहायचा, हे शिकविले. मुलीला का शिकविता, असे कोणी विचारले, की ते म्हणत, "बसलीच आहे तर हात चालू देत." यापलीकडे त्यात काही पुढारलेला विचार होता, असे मी सांगणार नाही.

२००९ साली आण्णा गेले. वाटणी झाली तेव्हा भाऊ म्हणाले, तुला काय हवे ते सांग. मी हत्यारांची पेटी मागितली. तीन रंधे, दोन करवती, वाकस, गिरमिट, गुण्या आणि सात पटाश्या. थोरल्या भावाला वाटले मी थट्टा करते. ती पेटी सोलापूरला आली आणि आठ वर्षे माळ्यावर पडून राहिली. मी शाळेत कारकून होते. सकाळी डबे, दिवसभर हजेरीपत्रके, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. २०१७ साली निवृत्त झाले त्या आठवड्यात पेटी खाली काढली. रंध्यांची पाती तांबूस झाली होती आणि एका करवतीच्या मुठीला वाळवी लागली होती. त्या दिवशी ठरविले, की परसात एक खोली बांधायची आणि तीत काम करायचे.

आपल्या सोलापुरात या गोष्टीचे कोणाला नवल वाटू नये. पूर्वभागात घरोघर माग होते, अजूनही काही घरांत आहेत. पुढे चूल आणि मागे खडखडाट. हजारो बायका उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळीत आल्या आहेत. घरातच कारखाना, हे आपल्या गावाचे वळण आहे. नवल एवढेच झाले, की सुतारकीचे हत्यार बाईच्या हातात.

परस अठरा फूट रुंद. खोली बारा फूट बाय अठरा फुटांची धरली. पश्चिमेची मागची भिंत नऊ इंची, बाकीच्या साडेचार इंची, मधे खांब. जमिनीला शहाबादी फरशी. वर लोखंडी पाइपांच्या कैच्या आणि पन्हळी पत्रे, पूर्वेकडून पश्चिमेकडे उतार. लांब बाजू पूर्वेला, म्हणजे अंगणाकडे. तिथे मोठे दार हवे होते, कारण आठ फुटी फळ्या, पलंगाच्या बाजू, कपाटे आतबाहेर न्यायची. आठ फूट रुंद आणि सात फूट उंच असे दाराचे तोंड ठेवले.

इथे पहिली अडचण आली. भिंतीपासून साडेतीन फुटांवर आमच्या सासूबाईंचे तुळशीवृंदावन. साध्या बिजागरीचे दार केले, तर चार फुटांची एकेक झडप उघडताना थेट वृंदावनाला जाऊन धडकणार. आतल्या बाजूला उघडावे, तर खोलीतली निम्मी जागा दारासाठी मोकळी ठेवावी लागणार. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांना विचारले, "आत्याबाई, वृंदावन हातभर पलीकडे घेतले तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. म्हणाल्या, "तुझी खोली घे की पलीकडे."

तेव्हा सरकत्या दाराचा विचार पुढे आला. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, शेतावरच्या मोठ्या कोठारांना अशी दारे असतात. गवताने भरलेली गाडी आत जाईल एवढे तोंड, आणि झडप भिंतीला समांतर सरकते. दारापुढे बर्फ साचले किंवा वारा सुटला, तरी तिला उघडायला पुढची जागा लागत नाही. आपल्याकडेही जुन्या गोदामांना अशीच लोखंडी दारे दिसतात. सासरे गिरणीत होते. ते असते तर म्हणाले असते, यात नवीन ते काय!

या दाराचे सारे वजन वर असते, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. साधे दार बिजागरीवर कडेने टांगलेले असते. हे दार माथ्यावर, दोन चाकांवर लोंबकळते, आणि चाके लोखंडी रुळातून धावतात. म्हणून रूळ दाराच्या तोंडाच्या दुप्पट लांब लागतो. आमचे तोंड आठ फूट, तर रूळ सतरा फूट. दोन्ही झडपा उघडल्या, की एक डावीकडच्या भिंतीपुढे आणि एक उजवीकडच्या भिंतीपुढे जाऊन उभी राहते. म्हणजे दोन्ही बाजूंना चार-साडेचार फूट भिंत मोकळी हवी. तिथे खिडकी, नळ, विजेची पेटी काही चालत नाही. पुष्कळ जणी हे विसरतात आणि मग दार अर्ध्यावर अडते.

प्रत्येक झडप सव्वाचार फूट रुंद केली, कारण तोंडापेक्षा दोन्ही कडांना तीन-तीन इंच जास्त झाकले गेले पाहिजे. सागवानी चौकट, बाहेरून जाड आणि आतून पातळ प्लायवूड, मधे दोन इंच पोकळी. एका झडपेचे वजन साठ किलोच्या आसपास भरले. दोन झडपांचे एकशेवीस किलो साडेचार इंची भिंतीत ठोकलेल्या खिळ्यांवर राहत नाहीत. म्हणून गवंड्याकडून दारावरची सिमेंटची तुळई भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग घालून घेतली आणि रुळाचे बोल्ट त्या तुळईत बसविले. गवंडी म्हणाला, "बाई, एवढ्याची गरज नाही." मी म्हटले, "तुझे बरोबर असेल, पण तू घाल."

खाली मात्र मी चूक केली. झडप वाऱ्याने हलू नये म्हणून फरशीत इंचभर खोल खाच घेतली आणि झडपेची खालची कड तीत बसविली. दिसायला सुरेख दिसले. या खाचेबद्दल पुढे सांगायचे आहे.

भिंती, फरशी, पत्रे मिळून २ लाख ३५ हजार रुपये लागले, आणि दारांना ३८ हजार. माझ्या भविष्यनिर्वाह निधीतले पैसे. यजमानांनी हिशेबाची वही एकदा उघडली, मिटली आणि काही बोलले नाहीत. चांगल्या संसारात एवढे पुरते.

२०१८ च्या मार्चमध्ये खोली उभी राहिली आणि मेमध्ये कळले, की मी भट्टी बांधली आहे. सोलापूरचा मे महिना तुम्हांला सांगायला नको. पारा ४३-४४ अंशांवर. दुपारी तीनला बाहेर सावलीत ४२ अंश असले, की खोलीत ४७. पटाशीला हात लावावा तर चटका, सरस कुंच्यावरच वाळून जाई. मी पहाटे पाच ते आठ काम करी आणि मग दार ओढून घेई. पावसाळ्यात दुसरेच. रात्री पाऊस उघडला, आभाळ मोकळे झाले, की पत्रा झपाट्याने थंड होई आणि आतल्या दमट हवेचे पाणी पत्र्याच्या पोटाला धरून थेंब थेंब खाली पडे. आण्णांच्या रंध्याच्या पात्यावर मी घासून घासून काढलेला गंज पंधरा दिवसांत परत आला.

सगळ्यांनी एकच सल्ला दिला, कूलर बसवा. माणसासाठी कूलर चांगला. पण लाकूड हे पाणी पिणारे द्रव्य आहे. दमट हवेत ते आडवे फुगते, कोरड्या हवेत आडवे आकसते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. मी ऑगस्टमध्ये एक चौरंग केला होता, फळ्या आडव्या पट्ट्यांना पक्क्या ठोकून. एका बाईंनी तो गौरीसाठी नेला. एप्रिलमध्ये त्या चौरंग घेऊनच आल्या. मधोमध बोट जाईल एवढी फट. पैसे परत केले आणि वर एक पाट दिला. आता मी पट्टीला लांबट भोके पाडते, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. असो. सांगायचे हे, की जिथे लाकडाचे काम चालते तिथे ओल्या वाऱ्याचा झोत सोडणे म्हणजे रोज नवे भांडण ओढवून घेणे. ऊन आतच येऊ नये, हा उपाय खरा.

मग मी तेच केले जे पुष्कळ जण करतात. २०१९ च्या फेब्रुवारीत पत्र्याला खालून थर्माकोलचे तक्ते चिकटविले. स्वस्त, हलके, दोन दिवसांत काम. थर्माकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते. आकारमानाच्या ९८ टक्के. कोंडलेली हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही, म्हणून त्याचा गुण लगेच आला. एप्रिलमध्ये खोली घरापेक्षा बरी वाटू लागली. आत्याबाई, ज्यांनी वर्षभर त्या खोलीत पाऊल टाकले नव्हते, त्या एके दुपारी आल्या, भिंतीला हात लावून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची खाट तिथे आली. वय ऐंशीच्या पुढे. मी रंधा मारी आणि त्या खाटेवर पडून माझ्या चुका काढीत.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भुसा बाहेर ओढणारा पंखा टांगायचा होता. त्यासाठी छताच्या पाइपाला एक आकडा जोडायचा म्हणून वेल्डिंग करणारा मुलगा बोलावला. बाहेर झळा चालल्या होत्या, धूळ आत येऊ नये म्हणून दोन्ही झडपा ओढून घेतल्या होत्या. आत्याबाई खाटेवर. मुलगा शिडीवर चढला. पाइप थर्माकोलला चिकटूनच होता. मी पाहिले होते. त्यानेही पाहिले होते. दोघांपैकी कोणाच्या डोक्यात विचार आला नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

थर्माकोल आधी वितळतो आणि मग जळतो. जळते थेंब टपटप खाली पडू लागले, आणि काळाकुट्ट दाट धूर खाली उतरला. मुलाने शिडीवरून उडी टाकली आणि आधी मेन स्विच पाडला, हे त्याचे शहाणपण. मी दाराकडे धावले. झडप हलेना. फरशीतल्या त्या सुरेख खाचेत वर्षभराचा भुसा दाबून बसला होता. रोज मी झडप जरा झटका देऊन सरकवीत असे, पण घाबरलेल्या हाताला तो झटका आठवत नाही. दोघांनी मिळून ओढली तेव्हा दीड फूट फट झाली. त्या फटीतून आत्याबाईंना आडवे करून बाहेर काढले. वृंदावनाशी बसविले तेव्हा पाहिले, डाव्या हातावर, बांगड्यांच्या वर, जळता थेंब पडला होता. रुपयाएवढे कातडे गेले. शेजाऱ्यांनी बादल्या आणल्या. दहा मिनिटांत सारे विझले. हत्यारे वाचली. मला त्या वेळी ती वाचली काय आणि गेली काय, सारखेच होते.

यजमान म्हणाले, "पुरे झाले आता." मुलाचा फोन आला, तोही तेच म्हणाला. मी कुलूप घातले आणि तीन आठवडे परसात गेले नाही. तुळशीला पाणी यजमान घालीत.

एके दुपारी आत्याबाईंनी विचारले, "माझी खाट कधी नेतेस तिकडे?" मी म्हटले, "आत्याबाई, ती खोली मोडायची आहे." त्यांनी हाताची पट्टी सोडवून जखम वाळली का ते पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, स्टोव्ह भडकला तेव्हा आपण स्वयंपाकघर मोडले होते का?" मग जरा थांबून, "खोलीत काही वाईट नाही. तू डोक्यावर वाईट घेतलेस."

डोक्यावर काय घ्यावे हे त्यांना ठाऊक होते, भगिनींनो. त्यांचे माहेर उमरगा तालुक्यातले. घर माळवदाचे, दगडामातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यांवर फूटभर किंवा अधिकच पांढरी माती. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा नाही. दरसाल मृगाच्या आधी वर आणखी एक थर टाकायचा, म्हणजे गळत नाही. असे थरावर थर चढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशीचे विसर्जन झालेले. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली, ती बहुतेक याच भिंती आणि याच मातीखाली. आत्याबाईंचे भाऊ अंगणात निजले होते म्हणून राहिले. घर राहिले नाही. त्यानंतर आत्याबाईंनी माळवदाच्या घरात कधी रात्र काढली नाही. पण दुपारच्या त्या गारव्याची आठवण मात्र त्या काढीत.

मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. एक घनफूट माती साधारण पंचेचाळीस किलो. माझ्या २१६ चौरस फुटांच्या खोलीवर फूटभर माती घातली, तर जवळजवळ दहा टन. दहा टन नको, आग नको, आणि गारवा तर हवा. मग दुकानांतून फिरले, जुन्या शीतगृहाच्या कामावर असलेल्या एका मिस्त्रींना विचारले, आणि काचेच्या लोकरीवर येऊन थांबले. तिला दुकानात ग्लासवूल म्हणतात. काच वितळवून तिचे केसापेक्षा बारीक तंतू काढतात आणि त्यांची गादी करतात. तंतूंच्या मधे हवा अडकते. काच पेट घेत नाही, हा मुख्य गुण. आणि उष्णता अडविण्यात दोन इंच काचलोकर जवळजवळ तीन फूट विटेच्या भिंतीइतकी भरते. सगळ्या छताला लागलेल्या लोकरीचे वजन तीस किलोच्या आत. दहा टनांच्या जागी तीस किलो! आत्याबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी काडी लावून दाखव." अंगणात एक तुकडा ठेवून काडी लावली. बांधणीचा डिंक जरासा धुरकटला आणि काडी विझली. तेव्हा त्यांनी मान हलविली.

तर आता छत असे आहे. वर पत्रा, त्याला बाहेरून पांढरा रंग. पांढरा रंग निम्म्याहून अधिक ऊन परतवून लावतो, आणि याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. ज्यांना बाकी काही जमणार नाही त्यांनी गच्चीला एवढा तरी हात द्यावा. पत्र्याखाली चार इंच मोकळी जागा. खालच्या वळचणीला जाळी लावून वारा आत घेतला आहे आणि वरच्या कडेला फट ठेवली आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिथून निघून जाते. मग ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद, चकाकती बाजू वर. तापलेल्या पत्र्याची धग या कागदावरून मागे फिरते. शिवाय पावसाळ्यात पत्र्याला सुटलेला घाम या कागदावरून उताराने वळचणीला जातो, लोकरीत मुरत नाही. हे फार महत्त्वाचे. लोकर भिजली, की हवेच्या जागी पाणी येते, आणि पाणी हवेपेक्षा वीसपट अधिक उष्णता वाहून नेते. ओले स्वेटर घातल्यासारखे होते. कागदाखाली लोकर, आणि लोकरीखाली न जळणारे फायबर सिमेंटचे तक्ते. लोकर उघडी मुळीच ठेवू नये. तिचे तंतू अंगाला खाजतात आणि श्वासात जातात. बसविताना मी पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि तोंडावर मुसके असा वेष केला होता. यजमान म्हणाले, मधमाश्या काढायला निघालीस का?

झडपांच्या पोकळीतही तीच लोकर भरली. या कामाला ४६ हजार लागले. मी दोन महिने पाट आणि पोळपाट करून त्यातले थोडे भरून काढले.

माळवदाच्या मातीचा एक गुण मात्र लोकरीत नाही. माती जड असते. दिवसाची उष्णता ती सावकाश आत घेते आणि सावकाश सोडते. लोकर नुसती अडविते. तो जडपणा आमच्या खोलीत फरशीला आणि विटांना आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा लागतो. उन्हाळ्यात रात्री आठनंतर मी दारे-खिडक्या उघडते, फरशी पहाटेपर्यंत निवते. सकाळी आठला सारे बंद. पश्चिमेची भिंत मात्र दगा देते. नऊ इंची वीट दुपारचे ऊन उधार घेते आणि रात्री दहाला घरात फेडते. तिला बाहेरून वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे उभे केले आणि त्यावर गुळवेल सोडली. एवढे केल्यावर मेमध्ये बाहेर ४२ असताना आत ३६ किंवा ३७ असते. ही माझ्या भिंतीवरच्या साध्या तापमापकाची नोंद आहे, तीही एका वहीत. कोणाला पाहायची तर पाहावी.

आता दाराचे. ती खाच मी सिमेंटने बुजवून टाकली. त्याऐवजी फरशीला तोंडाच्या दोन्ही टोकांशी एकेक लोखंडी जिभळी बसविली आणि खाच झडपेच्या खालच्या कडेत, उलटी घेतली. उलट्या खाचेत भुसा साठत नाही, खाली पडून जातो. एका बोटाने दार सरकते त्याचे रहस्य एवढेच: वजन चाकांवर, आणि खाली अडविणारे काही नाही. रुळात चिकट तेल घालू नये, त्याला धूळ धरते. महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसावा. रुळाच्या दोन्ही टोकांना अडसर हवाच, नाही तर एखादे दिवशी साठ किलोची झडप शेजाऱ्यांच्या भेटीला निघेल.

सरकत्या दाराचा खरा अवगुण म्हणजे फट. बिजागरीचे दार चौकटीत दाबून बसते, हे भिंतीपासून पाऊण इंच लांब लोंबते. त्या पाऊण इंचातून झळ, धूळ आणि पावसाचे तुषार आत येतात, आणि छताला केलेला सारा खर्च तिथून वाहून जातो. त्यासाठी कडांना दाट ब्रशाच्या पट्ट्या लावल्या. झडप सरकताना केस वाकतात आणि बंद झाली की भिंतीला टेकतात. दोन झडपा जिथे भेटतात तिथे एकीला लाकडी पट्टी, ती दुसरीवर इंचभर चढते. खाली रबराची झालर. वर रुळावर पत्र्याचे लहानसे पागोळे. तरीही बिजागरीच्या दाराइतके ते घट्ट होत नाही, हे कबूल केले पाहिजे.

आणि दक्षिणेच्या भिंतीत एक दुसरे दार केले. लहान, साध्या बिजागरीचे, बाहेर उघडणारे, आतून नुसता खटका. त्यापुढे मी काही ठेवू देत नाही, झाडू सुद्धा नाही. दाराशी वाळूची बादली असते. आता वेल्डिंगचे काम अंगणात होते, आणि जोडायची वस्तू बोल्टने आत बसते.

आत्याबाईंची खाट जूनमध्ये, मृगाच्या आदल्या दिवशी परत गेली. पुढची तीन वर्षे, त्यात टाळेबंदीचे सारे दिवस आले, त्यांच्या दुपारी तिथेच गेल्या. त्यांना रंध्याचा आवाज आवडे; विजेच्या करवतीचा मुळीच नाही, ती सुरू केली की हात वर करून थांबवीत. हातावरचा डाग त्या येणाऱ्या प्रत्येकीला दाखवीत आणि म्हणत, "हे आमच्या सुनेचे वेल्डिंग." २०२२ मध्ये त्या गेल्या. खाट तिथेच आहे. त्यावर मी फळ्या वाळवायला ठेवते, आणि दुपारी दोन वाजले की काढते.

गंज अजून पूर्ण हटलेला नाही, पण आटोक्यात आहे. पावसाळ्यात दर रविवारी पात्यांना शिवणयंत्राचे तेल लावते. आण्णांचा मधला रंधा रोज वापरात आहे; त्याची मूठ माझ्या तळहाताला आता बसू लागली आहे.

सभा संपल्यावर ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. दार सरकवून पाहा, पण डावी झडप आधी. उजवीची ब्रशाची पट्टी गेल्या आठवड्यात निघाली आहे, ती मला अजून लावायची आहे.